एक जिल्हा, तीन खासदार

२०२४ सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. आमच्या घरी पुतणीचा साखरपुडा होता. धाकटी बहीण पांढरकवड्याहून आली, माझ्या वहिनी उमरखेडहून आल्या, आणि आई कळंब तालुक्यातल्या माझ्या माहेरगावाहून दोन दिवस आधीच येऊन बसली होती. दुपारी आम्ही चौघी कोथिंबीर निवडत होतो. आईचे लक्ष बहिणीच्या बोटाकडे गेले.

"तुह्या बोटाले शाई लागली, अन् आमच्या बोटाले काऊन नाही वं?"

आईला वाटले, मतदान होऊन गेले आणि साखरपुड्याच्या धांदलीत आम्ही तिला त्याचा पत्ताच लागू दिला नाही. ती रागावलीसुद्धा. बहिणीने समजूत घातली की, त्यांचे मतदान १९ तारखेला झाले, आपले २६ ला व्हावयाचे आहे. "काऊन? तुमचा जिल्हा अलग हाये का?" यावर बहिणीला उत्तर देता आले नाही. मग वहिनी म्हणाल्या, आमचेही २६ लाच आहे, परंतु आमच्या चिठ्ठीवरची नावे निराळी, आम्ही हिंगोलीचा खासदार निवडतो. बहीण चंद्रपूरचा निवडत होती. आई आणि मी यवतमाळ-वाशीमचा. चौघी एका जिल्ह्याच्या, एका जिल्हाधिकाऱ्याच्या अंमलातल्या, आणि एका कोथिंबिरीच्या जुडीभोवती बसून तीन निरनिराळ्या खासदारांच्या मतदार!

मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असे संपादिकाबाईंनी सांगितले तेव्हा नेहमीप्रमाणे एखादी पाककृती लिहून द्यावी असे मनात होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजकारणावर लिहिण्याचा मला अधिकार काय? पण आईचा तो प्रश्न मनातून जाईना. वाचनालयातून पुस्तके आणली, भाच्याकडून नकाशे काढून घेतले, आणि जे कळले ते येथे मांडते आहे. चुकले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

आधी हिशेब पाहू, कारण सारे मूळ हिशेबातच आहे. आपल्या महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा आणि लोकसभेत ४८. म्हणजे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून एक लोकसभा मतदारसंघ. आताच्या हद्दी ज्या आयोगाने आखल्या त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. आयोग २००२ च्या कायद्याने नेमला गेला, २००१ ची जनगणना त्याने धरली, आणि २००८ सालच्या फेब्रुवारीत नव्या हद्दी अमलात आल्या. राज्याची लोकसंख्या तेव्हा ९ कोटी ६९ लाखांच्या घरात. तिला २८८ ने भागले की एका आमदारामागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे येतात. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाखांच्या जरा वर. तेव्हा आपल्या वाट्याला आले सात आमदार : वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद आणि उमरखेड.

सात! येथेच गाठ बसली. सहाची पंगत भरली की सातवा उभा राहतो. आता कोणी म्हणेल, सहा एकत्र ठेवून एकालाच शेजारी पाठवावयाचे होते. परंतु पंगत एका घरची नसते, साऱ्या गावची असते. पाहा : अकोला जिल्ह्याचे आमदार पाच. त्यांना सहावा हवा, म्हणून वाशीम जिल्ह्यातले रिसोड तिकडे गेले. वाशीमचे एकूण तीन, त्यांतले वाशीम आणि कारंजा उरले. त्या दोघांना चार हवेत, ते आपल्याकडून घेतले : राळेगाव, यवतमाळ, दिग्रस आणि पुसद. झाला यवतमाळ-वाशीम. तिकडे पूर्वेला गडचिरोलीचे तीनच. त्यांना गोंदिया जिल्ह्यातले आमगाव आणि चंद्रपूर जिल्ह्यातली ब्रह्मपुरी व चिमूर जोडली. त्यामुळे चंद्रपूरच्या सहांपैकी चारच राहिले, आणि ती उणीव भरून काढावयास आपली वणी आणि आर्णी वर्धा नदीपलीकडे गेली. दक्षिणेला हिंगोलीचे तीन, नांदेड जिल्ह्यातले किनवट आणि हदगाव मिळून पाच. सहावे आपले उमरखेड, पैनगंगा ओलांडून.

कोणी मुद्दाम आपला जिल्हा फोडला असे यावरून म्हणता येत नाही. अकोल्यात एक पाट सरकला आणि त्याचा धक्का पार आमगावपर्यंत लागला, असे झाले आहे. तरीही जो फुटला तो फुटलाच. वणीच्या बाईला चंद्रपूर यवतमाळपेक्षा जवळ, तिकडचा कोळसा आणि इकडचा कोळसा एकाच पट्ट्यातला. तिची तक्रार असण्याचे कारण नाही. आर्णीच्या बाईचे मात्र सारे व्यवहार यवतमाळशी. दवाखाना, कचेरी, कापसाचा भाव, सगळे यवतमाळला, आणि खासदाराला भेटावयाचे तर चंद्रपूर. उमरखेडच्या वहिनी म्हणतात, "आमचा जिल्हा विदर्भात अन् खासदार मराठवाड्यातला. दोन्हीकडच्या सभेत आम्ही पाहुणेच."

हद्द कशी आखली यावर कोण निवडून येते हे ठरते, असे पुस्तकांत लिहिलेले असते. ते वाचून माझ्या डोक्यात काही शिरेना. मग मी आपल्या मंडळावरच ते करून पाहिले. समजा, मंडळात आपण पंधराजणी आहोत. सहाजणींना वर्गणीतून वाचनालय काढावेसे वाटते, नऊजणींना भजनाचे साहित्य घ्यावेसे वाटते. पाच-पाचजणींचे तीन गट पाडावयाचे, प्रत्येक गटाने एक प्रतिनिधी द्यावयाची, आणि तिघींनी मिळून निकाल करावयाचा. आता वाचनालयवाल्या प्रत्येक गटात दोन-दोन घातल्या, तर तिन्ही गटांत भजनवाल्या तीन-तीन होतात, आणि तिन्ही प्रतिनिधी भजनाच्या. सहाजणींचा आवाज समितीत उमटतच नाही. त्याच सहांपैकी पाच एका गटात आणि एक दुसऱ्या गटात घातली, तर एक प्रतिनिधी वाचनालयाची येते. आणि दोन गटांत तीन-तीन घातल्या, तर दोन प्रतिनिधी वाचनालयाच्या, आणि नऊजणी बहुमतात असून हरतात! बाया त्याच, मते तीच. बदलली ती फक्त बसण्याची जागा. मी हे तांदळाचे आणि मुगाचे दाणे मांडून आईला दाखविले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मत टाकाच्या आंधीच अर्धा निकाल लागते."

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. तेथे १८१२ साली एल्ब्रिज गेरी या गव्हर्नरांच्या कारकिर्दीत स्वपक्षाच्या सोयीने असा एक वेडावाकडा मतदारसंघ आखला गेला की, वर्तमानपत्रवाल्यांना तो सॅलॅमँडर नावाच्या पालीसारख्या प्राण्याच्या आकाराचा दिसला. गेरी आणि सॅलॅमँडर मिळून त्यांनी 'गेरीमँडर' असा शब्दच बनविला, आणि तो आजतागायत चालू आहे. तेथे पुष्कळ राज्यांत अजूनही राज्याचे कायदेमंडळच हद्दी आखते, म्हणजे ज्यांना निवडून यावयाचे तेच रेघा ओढतात. आपल्याकडे हे काम निराळ्या आयोगाकडे दिले आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश आणि निवडणूक आयोगाची माणसे असतात. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सल्ला देण्यास बसतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. आयोग आपला आराखडा छापतो, हरकती मागवितो, जाहीर बैठकी घेऊन लोकांचे ऐकतो. मात्र एकदा अंतिम आदेश निघाला की न्यायालयात दाद मागण्याची वाट घटनेनेच बंद केलेली आहे. उज्जैनच्या एका मतदाराने आपला मतदारसंघ राखीव केल्याविरुद्ध दाद मागितली होती. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. म्हणजे बोलावयाचे ते आराखडा निघाल्यापासून आदेश निघेपर्यंतच. हे मला महत्त्वाचे वाटले. नंतर बोलून उपयोग नाही.

हे मी माझ्या माहेरी लहानपणी पाहिले होते, पण तेव्हा कळले नव्हते. गावाला नाला आहे. नाल्यापलीकडे मजुरांची वस्ती, साठ-सत्तर मते असतील. पंचायतीचे वॉर्ड पाडताना ती वस्ती मधोमध कापली होती. अर्धी घरे पाटलांच्या आळीबरोबर, अर्धी देवळाकडच्या आळीबरोबर. त्यामुळे वस्तीतला माणूस उभा राहिला की दोन्हीकडे पडावयाचा. पलीकडे बोअरिंग नव्हते. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन नाला उतरून आमच्या आळीतल्या विहिरीवर येत, आणि पावसाळ्यात नाला भरला की दोन-दोन दिवस गढूळ पाणी पीत. वॉर्ड कोणी पाडले, का तसे पाडले, हे कोणी विचारले नाही. हरकत घ्यावयाची असते हेच ठाऊक नव्हते. कागद चावडीवर लागला असेल, पण वस्तीत वाचणारे कोण होते?

पुढे काही वर्षांनी फेरवॉर्ड झाले आणि वस्ती एका वॉर्डात आली. त्याच सुमारास बायकांच्या राखीव जागा सुरू झाल्या होत्या. वस्तीतली एक बाई, माझ्या आईबरोबर निंदणाला जाणारी, सदस्य झाली. तिने दोन वर्षे पंचायतीत दुसरा विषय काढू दिला नाही, आणि बोअरिंग आणलेच. पाणी खारट लागले. त्यात डाळ शिजत नाही. अजूनही स्वयंपाकापुरते पाणी बाया विहिरीवरूनच नेतात. पण धुण्याभांड्याचे आणि गुरांचे पाणी दाराशी आले, आणि पावसाळ्यात जीव धोक्यात घालून नाला उतरणे थांबले.

आता थोडे जुने सांगते. आपल्या जिल्ह्याच्या हद्दी काही आभाळातून आलेल्या नाहीत. इंग्रजी अमदानीत याचे नाव वणी जिल्हा असे होते. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची नवी मांडणी झाली. तेव्हा जुना वाशीम जिल्हा मोडला, त्याचा पुसद तालुका आपल्याला जोडला, आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. म्हणजे पुसदकर मूळचे वाशीमकर! वाशीम पुन्हा जिल्हा झाला तो १९९८ साली, अकोल्यातून निघून. आणि आज पुसद आणि वाशीम एकाच लोकसभा मतदारसंघात आहेत. माझे सासर पुसदकडचे. तेथील म्हातारी माणसे म्हणतात की, घरी आलो.

१९५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा आपण महाराष्ट्रात नव्हतोच. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात होतो, आणि तेथील २३२ आमदारांच्या सभेत आपली माणसे जाऊन बसत. १९५६ साली आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९५७ साली त्या विधानसभेत ३९६ जागा होत्या. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६२ साली २६४ जागांसाठी निवडणूक झाली. पुढे २७०, आणि १९७८ पासून २८८. म्हणजे दहा वर्षांत आपल्या आजीने तीन निरनिराळ्या विधानसभांसाठी मत दिले, आणि तेही घरातून न हलता. त्याआधी १९५५ साली राज्यपुनर्रचना आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी वेगळ्या विदर्भाचा आग्रह शेवटपर्यंत धरला. ते १९५९ आणि १९६२ साली लोकसभेत गेले, पण नागपुरातून. १९७१ साली आपल्या यवतमाळचे जांबुवंतराव धोटे हेही नागपुरातूनच निवडून गेले. आपली माणसे दुसऱ्याच्या पंगतीत जाऊन जिंकून आली, असेही घडले आहे. तेव्हा हद्दच सर्व काही ठरविते असे मी म्हणणार नाही.

पुसदचे उदाहरण तर घरचेच. १९५२ पासून वसंतराव नाईक तेथून निवडून येत गेले. राज्ये बदलली, पुसद त्यांचे राहिले. १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते. पुढे १९९१ साली सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले, तेही पुसदचेच. एका मतदारसंघाने दोन मुख्यमंत्री दिले. त्याउलट दारव्ह्याचे पाहा. २००८ पूर्वी आपल्या जिल्ह्यात आठ आमदार होते, त्यांत एक दारव्ह्याचा. नव्या मांडणीत एक कमी झाला तो तोच. दारव्हा दिग्रसमध्ये गेले. केळापूरचे नाव जाऊन आर्णी आले. दारव्ह्याची माझी एक मैत्रीण म्हणते, आधी शकुंतला गाडी गेली, मग आमच्या गावाचे नावही विधानसभेच्या फळ्यावरून पुसले. नावाने काय होते, असे म्हणतील कोणी. पण ज्या गावाच्या नावाने जागा असते तेथे उमेदवाराला घर तरी करावे लागते.

आठाचे सात का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. विदर्भात पूर्वी ६६ आमदार होते, ते ६२ झाले. खासदार ११ होते, ते १० झाले. त्याच वेळी एकट्या ठाणे जिल्ह्याचे आमदार १३ चे २४ झाले. (पालघर तेव्हा ठाण्यातच होता.) राज्याच्या जागा २८८ च ठेवावयाच्या होत्या, त्यामुळे एकाचे वाढले की दुसऱ्याचे घटणार. आपल्याकडची माणसे काही मेली नाहीत. ती कामाला गेली. ज्या गावाची शेती पिकत नाही त्या गावची मुले कल्याण-भिवंडीला, पुण्याला गेली, आणि जनगणनेच्या वेळी जेथे होती तेथे मोजली गेली. पोरगा गेला तेव्हा आईने डबा बांधून दिला. त्या डब्याबरोबर आमदारकीचाही एक घास गेला हे तिला कोठे माहीत होते? आणि येथे शेतीचे प्रश्न मांडावयाला जी माणसे हवीत तीच कमी होतात. मला हा हिशेब न्यायाचा वाटतो आणि वाटतही नाही. माणशी एक मत, तर माणसे जेथे तेथे आमदार, हे खरे. पण कमी माणसांच्या मुलखात अंतरे मोठी असतात. झरी-जामणीच्या पोडावरून आमदाराच्या घरापर्यंत जाणे आणि ठाण्याच्या एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाणे, यांत फरक आहे की नाही?

राज्याराज्यांमधला हाच तंटा मोठा आहे. कुटुंबनियोजन नीट पाळणाऱ्या राज्यांच्या जागा घटू नयेत म्हणून १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्रत्येक राज्याच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठविल्या. २००१-०२ मध्ये ती मुदत पुन्हा वाढविली, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. म्हणून २००८ साली राज्याच्या आतल्या रेघा तेवढ्या हलल्या.

राखीव जागांविषयी आपल्या मंडळात नेहमी कुजबुज होते, म्हणून तेही लिहिते. आपल्या सातांपैकी राळेगाव आणि आर्णी अनुसूचित जमातींसाठी, उमरखेड अनुसूचित जातींसाठी. जमातींची जागा जेथे त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त तेथे द्यावयाची, आणि जातींच्या जागा प्रमाण बरे असेल अशा ठिकाणी, परंतु राज्यात निरनिराळ्या भागांत पसरून द्यावयाच्या, असा नियम आहे. आपल्या जिल्ह्यात गोंड, कोलाम मिळून आदिवासी साडेअठरा टक्क्यांच्या आसपास. राखीव जागा नसती तर सात गटांत विखुरलेले हे लोक माझ्या त्या वाचनालयवाल्यांसारखे सातही ठिकाणी हरले असते. आणखी एक नवल : पैनगंगेपलीकडे तेलंगणात बंजारा समाज अनुसूचित जमातींत धरतात, आपल्याकडे धरत नाहीत. नदी ओलांडली की त्याच समाजाच्या माणसाला राखीव जागेवर उभे राहता येते.

पूर्वी दुसरी पद्धत होती. १९५२ आणि १९५७ साली काही मतदारसंघ दुहेरी असत. एका मतदारसंघातून दोन प्रतिनिधी, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येकाला दोन मते. भंडारा असाच होता. तेथे १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे राहिले आणि पडले. ज्यांनी घटना लिहिली ते १९५२ साली मुंबईत पडले आणि दोन वर्षांनी विदर्भातही पडले! राखीव जागा असली तरी निवडणारे सगळेच असतात, हे त्यातून दिसते. दुहेरी मतदारसंघ १९६१ साली बंद झाले.

आता आपल्या बायकांचे. पहिल्या निवडणुकीची यादी करताना उत्तरेकडच्या प्रांतांत पुष्कळ स्त्रियांनी आपले नावच सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच. अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून काढून टाकावी लागली. आमच्या आजेसासूबाईंनीही यादीवाल्याला नाव सांगितले नव्हते. दिराने सांगितले, ते माहेरचे. त्या जन्मभर माहेरच्या नावानेच मत देत राहिल्या आणि त्याचा त्यांना मनातून आनंदच होता.

पंचायतीत १९९० च्या दशकात बायकांना सुमारे एकतृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या. आपल्या भागातून भावना गवळी १९९९ पासून २०२४ पर्यंत सलग पाच वेळा लोकसभेत होत्या, आधी वाशीममधून आणि हद्द बदलल्यावर यवतमाळ-वाशीममधून, आणि त्या काही राखीव जागेवरून गेल्या नव्हत्या. पण अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी. २०२३ साली घटनेची १०६ वी दुरुस्ती झाली. लोकसभेत आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांना. आम्ही मंडळात पेढे वाटले. मग मी तो कायदा वाचून घेतला. त्यात लिहिले होते की, आधी नवी जनगणना, मग मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखणे, आणि त्यानंतर स्त्रियांच्या जागा. म्हणजे आपल्या जागा त्याच रेघांना बांधल्या, ज्यांची ही एवढी कथा मी सांगितली. आजच्या २८८ वर हिशेब केला तर ९६ जागा होतात, आपल्या सातांपैकी दोन-तीन. त्या कोणत्या? राळेगाव-आर्णीतली एखादी, की यवतमाळ, की पुसद? आणि प्रत्येक नव्या आखणीनंतर त्या जागा फिरावयाच्या आहेत. पंचायतीतला फिरत्या आरक्षणाचा अनुभव आपल्याला आहेच. बाई पाच वर्षे राबून काम शिकते आणि पुढच्या खेपेला वॉर्ड खुला होतो, मग यजमान पुढे येतात आणि ती परत चुलीशी. याची मला काळजी वाटते.

साखरपुड्याच्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर आईला देण्यासाठी भाच्याने एक मोठा नकाशा काढला आहे. सोळा तालुके, सात विधानसभा मतदारसंघ, आणि तीन लोकसभा मतदारसंघ तीन रंगांत. चंद्रपूरचा रंग हिरवा, हिंगोलीचा निळा, आपला पिवळा. आई तो बराच वेळ पाहत राहिली. मग तिने बहिणीचे गाव कोठे आहे ते विचारले, तेथे कुंकवाचे बोट लावले, आणि म्हणाली, "हिले आमच्यात घ्या."

तो नकाशा कुंकवाच्या ठिपक्यासह मंडळाच्या भिंतीवर टांगला आहे. वर्धापनदिनाला याल तेव्हा आपापले गाव त्यावर शोधून पाहावे. नव्या आखणीचा आराखडा निघाला की तो त्याच्या शेजारी लावण्याचे आणि हरकतीचा अर्ज कसा लिहावयाचा ते शिकण्यासाठी एक दुपार ठेवण्याचे चिटणीसबाईंनी कबूल केले आहे. पाटी-पेन्सिल मी आणीन.